शेततळे खणण्याआधी : खड्ड्याचा खर्च आणि पाण्याची गाळणी



उन्हाळ्याच्या तोंडाशी शिवारात पोकलेन मशिनांची घरघर सुरू झाली की ओळखावे, शेततळ्यांचा हंगाम आला. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांनी साठवलेल्या पाण्याची किंमत सर्वांनाच शिकविली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली आणि गावोगाव तळी झाली. चांगली गोष्ट झाली. परंतु तळे खणणे आणि तळ्याचे पाणी उसाच्या मुळापर्यंत पोहोचविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हिशेब सगळे करतात, दुसरीचा फार थोडे. म्हणून हा हिशेब आम्ही येथे सविस्तर मांडीत आहोत. सभासदांनी पेन्सिल-कागद घेऊन वाचावा.

खड्डा किती आणि पाणी किती

नेहमीचे माप घेऊ. वर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खोली तीन मीटर आणि बाजूंना एकास एक उतार. उतारामुळे तळ चोवीस मीटर गुणिले चोवीस मीटर एवढाच राहतो. या खड्ड्याचे घनफळ २,१९६ घनमीटर भरते, म्हणजे सुमारे ७७५ ब्रास. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तेव्हा "माझं तळं बावीस लाख लिटरचं" असे जे आपण चावडीवर सांगतो, ते या खड्ड्याचे माप झाले, पाण्याचे नव्हे.

तळे काठोकाठ भरता येत नाही. वारा सुटला की लाटा बांधावरून जातात आणि बांध ढासळतो. वरचा अर्धा मीटर मोकळाच ठेवावा लागतो. मग पाणी उरले अडीच मीटर खोल, म्हणजे सुमारे १७ लाख ६० हजार लिटर.

आता उन्हाळ्याचा वाटा काढा. आपल्या पठारी भागात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होते. आठच धरले तरी मार्च ते मे या नव्वद दिवसांत ७२ सेंटिमीटर पाणी नुसते उडून जाते. तळ्यातले वरचे ७२ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ पावणेसहा लाख लिटर. एक बादलीही न उपसता एक तृतीयांश पाणी ऊन पिऊन टाकते. आपल्या हातात राहिले पावणेबारा लाख लिटर. कागदाच्या संरक्षणासाठी तळाशी थोडे पाणी राहू द्यावे लागते, ते यातूनच वजा जाणार.

हे पाणी उसाला किती पुरेल? पाटाने एका एकराला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी दिली तर तीन लाख लिटर लागतात. म्हणजे चार पाळ्या झाल्या की तळे आटले, तेही एकाच एकराचे. ठिबकाने रोज पंचवीस हजार लिटर दिले तर त्याच एकराला ते सत्तेचाळीस दिवस पुरते. पाच एकर ऊस एका तळ्यावर काढीन असे कोणी मनात धरले असेल तर त्याने हा हिशेब दोनदा वाचावा. असे तळे कालव्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर भरून काढण्यासाठी आहे, कोवळी लागण किंवा खोडवा जगविण्यासाठी आहे. सारा ऊस त्याच्यावर भिजणार नाही.

खर्चाचा कागद

"अहो, खड्डा खणायला काय लागतंय? तीन दिवस मशीन लावलं की झालं," असे पुष्कळजण म्हणतात. मशिनीचे बिल हे खर्चाचे एक कलम झाले. बाकीची कलमे मागाहून एकेक करून दारात उभी राहतात.

पहिले कलम जमिनीचे. तळे, बांध आणि बांधाचा बाहेरचा उतार मिळून चाळीस मीटर गुणिले चाळीस मीटर जागा जाते, म्हणजे सोळा गुंठे. एकरी चाळीस टन उतारा धरला तर दरवर्षी सोळा टन ऊस त्या जागेवर आपण सोडला. हे बिल कोणी पाठवीत नाही, म्हणून ते कोणाच्या वहीत नसते. तळे नेहमी माळाच्या, मुरमाड, हलक्या तुकड्यात घ्यावे; काळ्या कसदार पट्टीत घेऊ नये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि तीत एकास एक उतार टिकत नाही. तेथे उतार जास्त पसरट घ्यावा लागतो आणि मग जागाही जास्त जाते.

दुसरे कलम मातीचे. सारी खोली जमिनीत घेतली तर २,१९६ घनमीटर माती बाहेर येते. चारही बाजूंच्या बांधाला त्यातली पाचशे-साडेपाचशे घनमीटर लागते. उरलेली सोळाशे-साडेसोळाशे घनमीटर कोठे टाकणार? ट्रॉलीत तीन घनमीटर माती धरली तर साडेपाचशे खेपा होतात. खणण्याआधीच ही जागा ठरवून ठेवावी. थोडी खोली बांध उंच करून मिळविता येते. मात्र भरावाची माती थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून दाबली पाहिजे. नुसती ओतलेली माती पहिल्याच पावसात बसते आणि कागद ताणून फाडते.

तिसरे कलम कागदाचे. तळाचे चोवीस मीटर, दोन्ही बाजूंच्या उताराचे साडेआठ मीटर आणि बांधावरच्या चरात गाडावयाचे अडीच मीटर मिळून पस्तीस मीटर होतात. पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे १,२२५ चौरस मीटर कागद. भारतीय मानक १५३५१ चा शिक्का असलेला पाचशे मायक्रॉनचा कागद घ्यावा. पातळ कागद घेऊन वाचविलेले पैसे पहिल्या उंदराने, खेकड्याने किंवा धारदार दगडाने वसूल केले असे समजावे. कागद अंथरण्यापूर्वी तळ आणि उतार हाताने वेचून दगड-मुळ्या काढाव्यात आणि मऊ मातीचा थर द्यावा.

आता सर्व कलमे एकत्र मांडू. यातले दर आम्ही केवळ हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातले दर विचारून ते येथे घालावेत. मापे मात्र तीच राहतील.

खोदाई, २,१९६ घनमीटर, दर ५० रुपये : १,०९,८०० रुपये
माती हलविणे, १,६५० घनमीटर, दर ३० रुपये : ४९,५०० रुपये
कागद अंथरून, १,२२५ चौरस मीटर, दर ९० रुपये : १,१०,२५० रुपये
कुंपण, १४४ मीटर, दर ३०० रुपये : ४३,२०० रुपये
गाळखड्डा, आवक पाईप, सांडवा : २५,००० रुपये
फिल्टर संच, तरंगत्या उपशासह : ६०,००० रुपये
एकूण : ३,९७,७५० रुपये
अडीअडचणीसाठी शेकडा दहा : ३९,७७५ रुपये
सर्व मिळून : ४,३७,५२५ रुपये

पंप आणि शेतातले ठिबक यात नाही. कर्जाचे व्याजही धरलेले नाही. अनुदान मिळाल्यास ते यातून वजा करावे. त्याच्या अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून खणण्यापूर्वीच लेखी समजून घ्याव्यात.

तळे दहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला पावणेचव्वेचाळीस हजार रुपये पडतात. वर्षातून एकदा भरून वापरायला मिळालेल्या पावणेबारा लाख लिटरवर ते वाटले, तर हजार लिटर पाणी सदतीस रुपयांना पडते. म्हणजे तळ्यातून पाटाने एकराला एक पाळी दिली की शेतात अकरा हजार रुपयांचे पाणी सोडले. ठिबकाचे रोजचे पंचवीस हजार लिटर सव्वानऊशे रुपयांचे. पावसाळ्यात वापरून तळे पुन्हा भरून घेतले तर हा भाव उतरतो. तरीही तळ्याचे पाणी हे विकतचे पाणी आहे आणि ते मोकाट सरीत सोडण्याचे पाणी नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते. ते ठिबकानेच दिले पाहिजे. आणि ठिबक चालवायचे तर पाणी गाळलेले पाहिजे.

काटछाट चुकीच्या ठिकाणी होते

पैसे कमी पडले की कोणते कलम आधी खोडले जाते? फिल्टर आणि कुंपण. खड्डा दिसतो, निळाशार पाण्याचे फोटो निघतात. फिल्टरचा फोटो कोणी काढीत नाही. वरच्या कागदात फिल्टर संच हा एकूण खर्चाचा सुमारे सातवा हिस्सा आहे. तो वाचविण्यासाठी बाकीचे सहा हिस्से धोक्यात घालण्यासारखे ते आहे.

असे पाहा. पाच फुटी सरीत, चाळीस सेंटिमीटरवर ड्रिपर असलेली नळी टाकली तर एकरात सुमारे ६,७५० ड्रिपर बसतात. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर सारे मिळून ताशी सत्तावीस हजार लिटर पाणी सोडतात. त्यातला दहावा हिस्सा शेवाळाने तुंबला तर पावणेसातशे ड्रिपर बंद, म्हणजे दोनशे सत्तर मीटर सरी कोरडी. ती एका जागी नसते, सगळ्या प्लॉटभर विखुरलेली असते. म्हणून पाचट आणि पाल्याखाली ती दिसत नाही. दिसते ती थेट तोडणीला, वजनकाट्यावर.

पाणी कोणते, तशी गाळणी

फिल्टर घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. काचेची स्वच्छ बाटली तळ्याच्या पाण्याने भरून घरात एका जागी ठेवावी आणि हलवू नये.

पाच-दहा मिनिटांत तळाशी वाळू-रेती बसली तर पाण्यात जड कण आहेत. त्यांना गाळखड्डा किंवा हायड्रोसायक्लोन उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले तर ती बारीक चिकणमाती आहे. ती कोणत्याच फिल्टरमध्ये नीट अडकत नाही. तळ्यात पाणी काही दिवस शांत राहू देणे हाच तिच्यावर इलाज. पाण्यावर हिरवी झाक आली, धागे तरंगू लागले, तर ते शेवाळ. ते हलके असते, हायड्रोसायक्लोनला दाद देत नाही आणि नुसती जाळी घटकाभरात चोंदवून टाकते. त्याला सँड फिल्टरच पाहिजे. उघड्या तळ्यात ऊन आणि खताचा अंश दोन्ही असल्यामुळे शेवाळ आज ना उद्या येतेच. म्हणून शेततळ्यावर सँड फिल्टर ही चैन नसून गरज आहे.

गाळणी चार टप्प्यांत बसवावी.

पहिला टप्पा तळ्याच्या बाहेर. ओढ्याचे किंवा पाटाचे पाणी सरळ तळ्यात न घेता आधी गाळखड्ड्यात घ्यावे. तेथे वेग मोडला की गाळ खाली बसतो. वर्षातून एकदा तो उपसून शेतात टाकावा, उत्तम माती मिळते. पाणी तळ्यात पडते तेथे कागदावर दुसरा जाड तुकडा अंथरावा.

दुसरा टप्पा उपशाच्या तोंडाशी. पाईपचे तोंड तळाशी टेकविले तर गाळ ओढला जातो, अगदी वर ठेवले तर शेवाळाची साय. रिकाम्या बंद कॅनला बांधून तोंड पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटर तरंगते ठेवावे आणि त्याला जाळीचा पिंजरा करावा. पाईप बांधावरूनच घ्यावा, कागदाला भोक पाडून कधीही घेऊ नये.

तिसरा टप्पा सँड फिल्टर. वरच्या एकराला ताशी सत्तावीस हजार लिटर लागतात, तेव्हा ताशी तीस हजारांचा फिल्टर घ्यावा. प्लॉटचे दोन भाग करून आळीपाळीने पाणी देणार असाल तर निम्म्या क्षमतेचा चालेल. विक्रेता पाईपचा इंच पाहून फिल्टर देतो. आपण ताशी लिटर सांगून घ्यावा.

चौथा टप्पा डिस्क फिल्टर. सँड फिल्टरमधून निसटलेली वाळू आणि खतातले खडे तो अडवितो. खताची टाकी या दोन फिल्टरांच्या मध्ये जोडावी. मागे पाणी परतू नये म्हणून पंपाकडे एकमार्गी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्याबरोबर खत तळ्यात उतरते.

संच बसवून विसरून गेले तर त्याचा उपयोग नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब रोज पाहावा. स्वच्छ असतानाच्या फरकापेक्षा अर्धा किलो फरक वाढला की बॅकवॉश करावा. नळ्यांची टोके पंधरवड्यातून एकदा उघडून पाणी सोडावे. बॅकवॉशचे पाणी वाया घालवू नये, बांधावरच्या झाडांना द्यावे.

मासे सोडताना

तळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडण्याची चांगली चाल पडली आहे. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळाचे. तिघे एकमेकांच्या ताटात येत नाहीत. आपल्या तळ्याचा पाणपसारा ८४१ चौरस मीटर आहे. हेक्टरी पाच हजारांच्या हिशेबाने चारशे-सव्वाचारशे बोटुकली पुरे. लोभाने दोन हजार सोडली तर खाद्य आणि विष्ठा यांनी पाण्यात अमोनिया वाढतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

काही सभासदांची मुले बंगल्यापुढे रंगीत कोई माशांचे तळे करावे म्हणतात. कोई हा रोहूच्याच कुळातला. जपानच्या निईगाता भागात भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या साध्या माशांतून तो रंगीत झाला, आणि १९१४ च्या टोकियो प्रदर्शनानंतर जगाला ठाऊक झाला. हौस वाईट नाही, पण तिचाही हिशेब करावा. तीस हजार लिटरचे तळे असेल तर सारे पाणी दर दोन तासांनी गाळणीतून फिरले पाहिजे, म्हणजे ताशी पंधरा हजार लिटर, रात्रंदिवस. पाव किलोवॅटचा पंप धरला तरी महिन्याला १८० युनिट वीज होते. आणि ती गाळणी नुसती कचरा अडविणारी चालत नाही. तिच्यात जिवाणू वाढावे लागतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा मासा जगतो. वीज तासन्तास गेली तर जिवाणूही गुदमरतात. शेततळ्यात हा खर्च पडत नाही, कारण माशांनी सोडलेले नत्र आपण पाण्याबरोबर उसाला देतो. हौसेचा मासा पाळायचाच असेल तर खर्च वेगळ्या वहीत लिहावा.

मासे असलेल्या तळ्यात शेवाळ मारण्यासाठी मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नये. क्लोरीनची किंवा आम्लाची प्रक्रिया करायची ती पंपापुढच्या नळीत, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

कुंपण आणि गळती

दुसरे खोडले जाणारे कलम कुंपणाचे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, घसरून परत पाण्यात जातो. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या, आणि त्यांना काढायला गेलेली आई किंवा बापही गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वाचतो. तेव्हा पाच फुटी जाळी, कुलपाचे फाटक, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या दोन ट्यूबा, एवढे झाल्याशिवाय तळ्यात पाणी घेऊच नये. हे कलम आम्ही हिशेबात घातले आहे ते पैशासाठी नव्हे.

तळे गळते की वाफ होते, ही शंका नेहमी येते. पाण्याने भरलेली बादली तळ्यातच, वजन ठेवून, काठ वर राहील अशी उभी करावी. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेघा आखून चोवीस तासांनी पाहावे. दोन्हीकडे सारखे उतरले तर ती वाफ. तळे जास्त उतरले तर कागद फाटला आहे.

तळे भरायचे कशाने

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. हिवाळ्यात विंधन विहिरी चालवून शेततळी भरण्याची चाल वाढते आहे. जमिनीच्या पोटात असलेले पाणी सावलीत असते, त्याची वाफ होत नाही. ते वर काढून उन्हात पसरले की तिसरा हिस्सा हवेत जातो, आणि ते ज्या थरातून निघाले त्याच थरावर शेजाऱ्याची विहीर असते. एकाचे तळे भरले आणि चौघांच्या विहिरी माघात तळाला गेल्या, तर गावात पाणी वाढले असे होत नाही. तळे पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याने, रीतसर परवानगीच्या पाटपाण्याने, किंवा विहीर ओसंडत असेल त्या महिन्यात विहिरीने भरावे. त्या काळात ते भरत नसेल, तर तेवढे मोठे तळे आपल्या शिवाराला नको.

भावाभावांना किंवा बांधालगतच्या शेतकऱ्यांना एकत्र येता आले तर पाहावे. चव्वेचाळीस मीटरचे तीन मीटर खोल तळे ५,०५२ घनमीटरचे होते, म्हणजे आपल्या तळ्याच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक. कागद मात्र दुपटीच्या आतच लागतो आणि कुंपण तर दीडपटही लागत नाही. पाण्याच्या वाटणीचा कागद आधी करावा, तळे नंतर खणावे.

येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांना खणावयाचे आहे त्यांनी मशीन सांगण्याच्या आधी तीन गोष्टी कराव्यात : वरच्या हिशेबात आपले दर घालावेत, भरण्याच्या पाण्याची बाटली ठेवून पाहावी आणि तळ्याला पाणी कोठून येणार हे शेजाऱ्याला समोर बसवून ठरवावे. पैसा पुरत नसेल तर तळे पंचवीस मीटरचे करावे. फिल्टर आणि कुंपण मात्र सोडू नये.